मामांचं निर्दोष रक्त

माझ्या नंदाखालच्या मामांइतक्या आत्मविश्वासाने दुसऱ्याच्या रक्ताविषयी बोलणारा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात सापडायचा नाही. साखर मोजायचं यंत्र कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. पाहुणा ओट्यावर टेकला की पाण्याच्या तांब्याआधी सुई पुढे. केळीचे घड न्यायला आलेल्या व्यापाऱ्याचंही बोट त्यांनी टोचलं होतं. तो पुन्हा फिरकला नाही. गावात कुणाची सोयरीक जुळत असली की मामा अगत्याने जाऊन मुलाच्या आजोबांची उपाशीपोटीची साखर विचारत. स्वतःचं बोट मात्र त्यांनी कधी टोचलं नाही. "आम्ही काटक माणसं. आमच्या घराण्यात कुठली साखर?"

या सगळ्याचं मूळ मामीचे वडील. त्यांना मधुमेह होता. तेवढ्यावरून मामांनी धडधाकट मामीचं गोड बंद केलं. पिकली केळी उन्हात वाळवून ती सुरेख सुकेळी करायची, पण त्यातला तुकडा तोंडात टाकायची तिला सोय नव्हती. पंगतीत मामा ओरडायचे, "हिला गोड वाढू नका, हिने माहेराहून आणलंय!" सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्याने मी. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

पुढे नायगावला दिलेल्या त्यांच्या लेकीला तिशीतच मधुमेह निघाला. मामा तिच्यादेखत मामीला म्हणाले, "दिलास ना लेकीला?" तेव्हापासून लेकीचा फोन यायचा तो फक्त मामांना. मग डॉक्टरांनी आईवडील दोघांनाही रक्त तपासून घ्यायला लावलं. मामीला काही नव्हतं. मामांचा रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा वाचला.

"शरीरात इन्सुलिन किती सुटावं, यात काही जनुकांचाही हात असतो," ते म्हणाले. "ती आईकडून येतात तशी वडिलांकडूनही. काटक माणसालाही मधुमेह होतो. यात गुन्हा कोणाचाच नाही."

घरी आल्यावर मामी एवढंच म्हणाली, "अहो, हे लेकीला तुमच्या तोंडाने सांगा."

मामा तीनदा नायगावला जाऊन आले. तिन्ही वेळा नातवाला केळी दिली, लिफ्ट बंद असल्याची तक्रार केली आणि परतले. परवा मला म्हणाले, "तूच सांग ना रे तिला. माझी जीभ रेटत नाही." गावभर चाललेली जीभ ती! मला संताप आला, आणि त्यांचा उतरलेला चेहरा बघून वाईटही वाटलं. मी हो म्हणालो.

मामीने आतून ऐकलं. "नको," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर तिला वाटेल, आईनेच पढवून पाठवलं."

मामा उठले, चपला घातल्या. मला वाटलं, नायगावला निघाले. ते केळीच्या वाडीत पाणी सोडायला गेले.