फुलीची बाजू

शिडं शिवणाऱ्या मिस्त्रींचा दरारा असा की भलेभले होडीवाले त्यांच्या शिवणखोलीत बूट काढूनच शिरत. खोलीची लाकडी जमीन हेच त्यांचं टेबल. मशीन जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेलं, आणि त्या खड्ड्यात पाय सोडून त्यांची बायको, जिला सगळं बंदर वहिनी म्हणे.

होडीचं पुढचं शीड काम झालं की डोलकाठीपासून होडीच्या नाकापर्यंत ताणलेल्या तारेभोवती गुंडाळून ठेवतात. तेव्हा त्याची फक्त कड बाहेर राहते. ती उन्हाने जळू नये म्हणून कडेवर जाड निळ्या कापडाची पट्टी शिवायची. विरली की उसवून नवी लावायची. बाजू मात्र चुकता कामा नये. चुकली की पट्टी आत सावलीत मजेत राहते आणि शीड बाहेर भाजून निघतं. बाजू ठरवून पेन्सिलीने फुली मारायची मिस्त्रींनी, शिवायचं वहिनींनी. फुलीबद्दल प्रश्न विचारायचा नाही, हा घरचा कायदा.

गेल्या मोसमात एक शीड परत आलं. फुलीच चुकली होती. मिस्त्रींचा चेहरा असा उतरला की वहिनी पटकन बोलून गेल्या, "अहो, माझंच लक्ष नव्हतं. फुली बरोबर होती तुमची." मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. पुढे फुल्या चुकतच राहिल्या. हातात कात्री धरून ते कात्री शोधायला लागले, चहा पिऊन चहा मागायला लागले. वहिनी गुपचूप बाजू बदलून शिवत आणि कुणापाशी ब्र काढत नसत. आतून मात्र त्या पार खचल्या होत्या.

आज दाढीवाल्या होडीवाल्याचं शीड होतं. जुनी पट्टी शिवण्याआधी जिने चिकटवली होती त्या चिकटपट्टीचा पिवळट डाग डावीकडे ढळढळीत दिसत होता, फुली उजवीकडे. वहिनींनी डावीकडे शिवलं. शेवटचा टाका पडतो न पडतो तोच मिस्त्री मागे येऊन उभे राहिले.

"हे काय? फुली कुठे, पट्टी कुठे?"

"अहो, डाग बघा ना. जुनी इकडेच होती."

"जुनी कुणी शिवली होती?"

"आपणच."

मिस्त्रींनी डागाकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "म्हणजे तेव्हाही तूच चुकलीस."

आता खरं सांगून टाकावं, असं वहिनींच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं तर माणूस इथल्या इथे कोसळेल, आणि आठवड्याभरात विसरला तर पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. दर वेळी तोच चेहरा उतरताना बघायचा. एवढं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं.

मिस्त्री उसवायचं पातं घेऊन खाली बसले आणि टाके उसवू लागले. उसवताना कुणीतरी कापड ताणून धरावं लागतं, नाहीतर पातं शिडात घुसतं. वहिनी समोर बसल्या, त्यांनी कापड धरलं. नीट घातलेले टाके तटातट तुटत होते. मिस्त्रींचे हात अजूनही काय सफाईदार चालत होते!

जरा वेळाने त्यांनीच मायेने समजूत घातली. "वाईट वाटून घेऊ नकोस. वय झालं की होतं असं. यापुढे मी शेजारी बसत जाईन. मला दाखवल्याशिवाय एक टाका घालायचा नाही. कळलं?"

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि कापड आणखी ताणून धरलं.