गुरुवारची पुण्याची एसटी

माझी मुलगी अकरावीत असताना जेवेनाशी झाली. मी तेव्हा मढ गावाकडच्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवायचे आणि आम्ही आळे गावात राहायचो. नवरा वीज मंडळात वायरमन. सकाळी तिचा डबा भरूनच मी जीप धरायचे. डबा संध्याकाळी रिकामा यायचा, त्यामुळे माझ्या काही लक्षात आलं नाही. ती भाजी-भाकरी रोज कॉलेजमागच्या कुत्र्यांना घालते, हे तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं तोवर दिवाळी उलटून गेली होती.

मी विचारलं तर ती म्हणाली, भूक नसते. मग मी रागावले, समजूत घातली, शेजारी बसून भरवलं. सतरा वर्षांच्या मुलीला मी घास भरवत होते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिची हाडं दिसायला लागली, तरी आरशापुढं उभी राहून ती मला विचारायची, "आई, मी जाड दिसते ना?" खरंच तसं वाटतं म्हणून विचारते, की माझी परीक्षा घेते, ते कळायचं नाही.

गावाजवळच्या हायवेच्या फाट्यावरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, टॉनिक लिहून दिलं आणि लग्न झालं की होईल नीट, असं सांगितलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, लई गुणाची पोर व्हती तुमची, नजर लागली. ओझरच्या गणपतीला जाऊन या." आमच्या सासऱ्यांनी छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतलेली. घरात बुद्ध आणि बाबासाहेब सोडून तिसरा फोटो नाही. तरी एका मंगळवारी शाळा सुटल्यावर मी कुणाला न सांगता ओझरला गेले. रांगेत उभी राहिले. पुढं गेल्यावर काय मागायचं तेच सुचेना, नुसते हात जोडून बाहेर आले. नवऱ्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

पाळी बंद झाली म्हणून तिला नारायणगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी तपासलं, तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या की हा आजार पोटाचा नाही, मनाचा आहे, आणि यात पोरी दगावतातही. त्यांनी पुण्यातल्या एका दवाखान्याची चिठ्ठी दिली. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की तिचा हा हट्ट नव्हता.

तिथून आमचे गुरुवार सुरू झाले. फाट्यावरून सकाळची एसटी, शिवाजीनगरला उतरून रिक्षा. माझ्या रजा संपल्या, तेव्हा नवरा ड्यूटी बदलून जायला लागला. लोकांना आम्ही दातांचा इलाज चालू आहे असं सांगायचो. वेड्यांच्या डॉक्टरकडं नेतात हे कळलं असतं, तर तिच्या नावाला कायमचं चिकटलं असतं.

मानसोपचाराच्या मॅडम तिच्याशी तासभर बोलायच्या, मग मला आत बोलवायच्या. एकदा मी त्यांना सांगून टाकलं, की दहावीच्या सुट्टीत मीच तिला म्हटलं होतं, ड्रेस दंडाला घट्ट होतोय. मॅडम म्हणाल्या की एका वाक्यानं कुणी असं आजारी पडत नाही, यात बऱ्याच गोष्टी असतात. मला ते पटल्यासारखं वाटलं. पण घाटातून गाडी खाली उतरेपर्यंत ते वाक्य परत डोक्यात आलेलं असायचं.

त्यांनी मला एकच काम दिलं होतं. तिच्या ताटाकडं बघायचं नाही, जेवताना दुसरं काहीतरी बोलायचं. त्याच सुमारास शाळेत खिचडी शिजायला लागली होती. दुपारी पोरं दोनदा-तीनदा वाढून घ्यायची आणि मी त्यांच्याकडं बघत उभी राहायचे. घरी आल्यावर मान दुसरीकडं वळवायची. मला ते जमलं नाही. एकदा मुलगी चमचा खाली ठेवून म्हणाली, "आई, तू बघतेस तेव्हा घास गिळवतच नाही. तू बाहेर जाऊन बस." मी ओट्यावर जाऊन बसले. आतून भांड्याचा आवाज येतो का, ते ऐकत राहिले.

सहा-सात महिन्यांनी अर्धी-पाऊण भाकरी खायला लागली. मग त्या मॅडम दवाखाना सोडून गेल्या. नव्या आल्या त्यांच्यापुढं ती तोंडच उघडेना. तिसऱ्या गुरुवारी एसटी आली आणि ती फाट्यावरच उभी राहिली, चढली नाही. नवऱ्यानं हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. तिला ओढून गाडीत बसवता आलं असतं, पण तिथून पुढं काय? ते दोघं रिक्षानं घरी आले. नवरा कपडे न बदलता खांबावर चढायला गेला.

बारावीनंतर ती पुण्यात शिकायला हॉस्टेलवर गेली. नको म्हणणं माझ्या हातात नव्हतं. दर रविवारी मी फोन करायचे आणि जेवलीस का हे सोडून बाकी सगळं विचारायचे. दुसऱ्या वर्षी एकदा तीच म्हणाली, "आई, मी परत जायला लागलेय एका मॅडमकडं. माझी मीच शोधल्या."

"मी येऊ का सोबत?"

"नको."

बरं, म्हटलं. फोन ठेवला.

आता ती नोकरी करते. काही वर्षं चांगली जातात, काही वाईट. सणाला घरी येते, आमच्यात बसते, थोडं जेवते. कधी ताट घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. नवरा माझ्याकडं बघतो. मी त्याला आमटी वाढते.