हत्ती बसेल एवढं थारोळं

पाणपक्ष्यांचे फोटो काढायला मी सुरुवात केली तेव्हा माझी लेन्स एवढी लांब होती, की मी ओझरला धरणाच्या काठावर उभा राहिलो की तिचं तोंड शिवनेरीच्या पायथ्याला टेकायचं. तुम्हाला खोटं वाटेल. वाटू द्या. आमच्या घराण्याला त्याची सवय आहे.

ही सवय लावली माझ्या थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी. येडगावच्या धरणात आमची नदीकाठची जमीन गेली, तिच्याबरोबर विहीर गेली आणि विहिरीवरचं थारोळंही गेलं. थारोळं म्हणजे मोटेचं पाणी ज्यात ओततात तो दगडी हौद. तो माझ्या आज्यानं, म्हणजे तात्यांच्या वडिलांनी, एका अखंड दगडातून स्वतःच्या हातानं घडवला होता. इथवर सगळं खरं. पुढचं तात्यांचं. जमीन बुडाली तेव्हा त्या थारोळ्यात म्हणे रेडकू बसायचं. दोन-चार पावसाळे गेले आणि म्हैस बसायला लागली. मी कॅमेरा घेईपर्यंत त्यात हत्ती बसून अंघोळ करत होता. पाण्याखाली दगड इतका वाढतो, हे मी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

एकदा आणे गावच्या यात्रेत, आमटीच्या पंगतीत, तात्यांनी तो हत्ती पुन्हा बसवला. शेजारी त्यांचे व्याही होते, आंबेगावकडचे. ते भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "पावणं, आमचं तर अख्खं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. तरी आमी एवढं मोठं बोलत न्हाई. तुमचं थारोळं व्हतं तरी का?"

पंगत खदखदून हसली. आमटीत तात्यांचा हात तसाच राहिला. घरी येताना ते गाडीत बराच वेळ गप्प होते, आणि तात्या गप्प म्हणजे जुन्नरचा बाजार बंद. मग म्हणाले, "हत्ती माझा हाय रं. पण दगड माझ्या बापाचा. त्यो खोटा पडला." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मरायच्या आधी एकदा त्यो व्याह्याला दाखवायचाय."

त्याच उन्हाळ्यात धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं मागं हटलं. चिखलाचं मैदान उघडं पडलं आणि त्यावर पाखरांची जत्रा भरली. लाल काड्यांवर चालल्यासारखे शेकाटे, शेपटी हलवत फिरणारे तुतवार, चोचीनं पाणी चाळणारे चमचे. मी हिरव्या मक्याच्या ताटांचा आडोसा बांधला आणि आत पालथा पडून फोकस जुळवायला लागलो. अचानक पाठीला ऊन लागलं. वर बघतो तर छप्पर तात्यांच्या म्हशीच्या तोंडात! मी कॅमेऱ्याची टोपी शोधेपर्यंत तिनं एक भिंतही संपवली. पण गंमत अशी की दहा पावलांवरचे शेकाटे जागचे हलले नव्हते.

काठावरून तात्या ओरडले, "पाखरं म्हशीला भीत न्हाईत! तिच्या आडोशानं चल की!"

तेव्हापासून रोज सकाळी आमची वरात निघायची. पुढं म्हैस, तिच्या शेपटीला तात्या, त्यांच्या मागं कमरेत वाकलेला मी. त्या वर्षीच्या माझ्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक काळी धूसर टेकडी आहे. लोक विचारतात, हा कुठला डोंगर? मी सांगतो, हरिश्चंद्रगड.

तात्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांना पाखरू दिसत नसे, फक्त ऐकू येई. तरी ते माझ्यासाठी एवढं चिखल तुडवतात म्हणून मला भरून यायचं. चौथ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की थवा डावीकडं आहे आणि म्हैस उजवीकडं चाललीय.

"तात्या, पाखरं तिकडं!"

"तिकडं दुसऱ्याचं रान हाय. आपलं इकडं."

म्हणजे इतके दिवस माझ्या पाखरांच्या नावाखाली म्हातारा आपली जमीन शोधत होता! तळपायानं ते बुडालेलं शिवार वाचत होते. "ही पाणंद. ह्यो बांध. हितं आंब्याचं खोड लागंल." आणि खोड खरंच लागलं, माझ्या नडगीला. तिथून वीसेक पावलांवर तात्यांच्या काठीनं दगडावर टक्क केलं.

गाळातून थारोळ्याचा काठ वर आला होता. आत वीतभर पाणी. तात्या चिखलात बसले आणि काठावरून हात फिरवायला लागले. टाकीचे घाव अजून बोटांना लागत होते. हात फिरत गेला आणि फारच लवकर पहिल्या जागी परत आला. हत्ती सोडा, रेडकू बसवलं असतं तरी त्याचे पाय बाहेर राहिले असते.

"लहानपणी लई मोठं व्हतं," तात्या हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा मला बघवेना. एवढंसं थारोळं बघून व्याही पुन्हा हसले असते, आणि या खेपेला हसणं आज्याच्या दगडावर पडलं असतं.

आम्ही म्हशीमागं सरलो आणि तेवढ्यात "पिऊ" करत एक चिखली तुरुतुरु धावत आली. गळ्यात काळी कंठी, डोळ्याभोवती पिवळं कडं. उडी मारून ती थारोळ्याच्या काठावर उभी राहिली. मी पोटावर पडलो. हनुवटी गाळात रुतवली, लेन्स चिखलाला टेकवली आणि खालून वर बघितलं. थारोळ्याचा काठ शिवनेरीच्या तटासारखा आभाळाला भिडला होता. एक फोटो काढला.

मे महिना संपता संपता व्याही आंब्याची पाटी घेऊन आले. तात्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं नुसती मान केली. व्याही चष्मा पुसून जवळ गेले. नंतर चष्मा काढून आणखी जवळ गेले.

"भाऊ, ह्यो पक्षी केवढा असतो?" त्यांनी मला विचारलं.

मी आयुष्यात पुष्कळ फेकलं, पण इतक्या जपून कधी नाही. "सायबेरियातून येतो. उभा राहिला की माझ्या कमरेला लागतो."

त्यांनी बोटांनी पक्षी मोजला, मग काठ मोजला. ओठ हलवून हिशेब केला. नंतर पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "हत्ती बसंल, पावणं. तुमच्या वडलांचा हात मोठाच व्हता."

तात्यांनी आतल्या बाजूला तोंड करून दुसऱ्यांदा चहा टाकायला सांगितला. चहा यायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ते तिकडंच बघत राहिले.

व्याही गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "चिखली व्हती ना रं ती? आवाज ऐकला मी. मुठीत मावती."

मी लेन्स पुसायला लागलो.

"असू दे. हत्ती माझा, पाखरू तुझं."

तात्या गेले, म्हैसही गेली. थारोळ्यावर पुन्हा पाणी आलं ते अजून हटलेलं नाही. मी उन्हाळ्यात ओझरला जातो, पण म्हशीशिवाय गेलेला माणूस पाखरांना चांगला ओळखू येतो. शंभर पावलांवरूनच सगळी उठतात, आणि रिकाम्या चिखलात मी लांब लेन्स घेऊन उभा.

मागच्या महिन्यात आंबेगावला व्याह्यांकडं गेलो होतो. त्या फोटोची एक प्रत त्यांनीही भिंतीला लावलीय. घरी आलेल्या माणसांना ते सांगत होते, की हा पक्षी माणसाच्या खांद्याला लागतो. माझ्या कमरेपासून खांद्यापर्यंत तो कधी वाढला कोण जाणे. मग काठावर बोट ठेवून त्यांनी थारोळ्याचं सांगितलं: एकच दगड, एकट्या माणसानं घडवलेला. त्यात त्यांनी एक शब्दसुद्धा वाढवला नाही.