आतड्यांसाठी उपोषण

बाबांनी जेवण सोडलं, तेव्हा कुपवाडच्या कामगारांना वाटलं की ते पुन्हा उपोषणाला बसले. बाबा युनियनचे जुने पुढारी. मी अक्षरं शिकले तीही त्यांच्या पत्रकांवर. खरं कारण मात्र वेगळं होतं. जेवलं की त्यांच्या पोटात अशी कळ यायची की ते खायलाच घाबरत होते.

कारखान्याची पाळी सुटल्यावर दहा-बारा जण दुचाकींवरून आले आणि अंगणात सतरंजी टाकून बसले.

"मागणी काय हाय, आण्णा?" एकानं बाबांना विचारलं.

पोट दुखतंय म्हणायची बाबांना लाज वाटली. मला लपवाछपवी खपत नाही. डॉक्टरांचं म्हणणं मीच सांगितलं: थायरॉईड मंदावलंय, त्यामुळे हृदयाचा जोर कमी पडतो आणि जेवल्यावर आतड्यांना पुरेसं रक्त पोचत नाही, रोज उपाशीपोटी गोळी घ्यावी लागेल.

"म्हंजे आतड्यांवर अन्याय हाय!" एक जण ओरडला. लगेच घोषणा सुरू झाल्या.

आता बाबा गोळीही घेईनात. माणसं बसलेली असताना माघार म्हणजे फितुरी. लेखी आश्वासनाशिवाय त्यांनी एकही उपोषण सोडलं नव्हतं.

मी डॉक्टरांकडे धावले. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं: 'गोळी नियमित घेतल्यास आतड्यांचा रक्तपुरवठा सुधारावा. सहा आठवड्यांनी फेरतपासणी.'

बाबांनी ते सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं.

"सहा आठवडे मुदत दिली. तवर उपोषण स्थगित. मागं घेतलेलं न्हाई," असं बजावून त्यांनी गोळी गिळली.