शंभरच्या भिंगावरचा हात

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या तेरला राहतात आणि माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब धाराशिवात आहे. बाजाराच्या दिवशी आत्या एसटीनं यायच्या, पिशवीत मेथी नाहीतर तुरीच्या शेंगा असायच्या, आणि परतीच्या गाडीपर्यंत लॅबमध्ये खुर्ची ओढून बसायच्या. मी काम करायची, त्या बघत राहायच्या.

मायक्रोस्कोपच्या नळीखाली एक गोल चकती असते. आम्ही तिला नोजपीस म्हणतो. तिच्यात चार भिंगं आट्यांवर फिरवून बसवलेली असतात. त्यांतलं सगळ्यात लांब ते शंभरचं, म्हणजे शंभरपट मोठं करणारं. चकती फिरवली की हवं ते भिंग काचेवर येतं आणि आतली स्प्रिंग खाचेत बसून 'कट्' वाजतं. आत्यांना तो आवाज आवडायचा. "गाडीचा गिअर पडल्यावानी वाजतंय बघ," म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात ती स्प्रिंग सैल झाली. भिंग जागेवर थांबेना, जरा हात लागला की सरकायचं आणि अर्धं चित्र काळं दिसायचं. आधी मला वाटलं आटे सैल झालेत. भिंगं काढून पुसली, परत घट्ट बसवली. फरक पडला नाही. सोलापूरच्या मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला, सोमवारी येतो.

त्याच आठवड्यात आत्या आल्या त्या खोकतच. म्हणाल्या, "थंडीनं झालंय." पण चोळीची बाही दंडावर ढिली झाली होती, आणि माझं लक्ष तिथंच गेलं. खोदून विचारल्यावर कळलं, खोकला दिवाळीपासून होता. ह्यांनी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी बेडका तपासायला सांगितला. एक नमुना सरकारी दवाखान्यात दिला, दुसरा माझ्याकडं ठेवला.

सोमवारपर्यंत थांबायला हवं होतं. मला राहवलं नाही.

काच रंगवली, वाळवली, तेलाचा थेंब टाकून शंभरचं भिंग वर आणलं. ते लगेच सरकलं. एक हात काच सरकवायला लागतो, दुसरा फोकसला. चकती धरायला तिसरा कुठून आणायचा? मदतनीस मुलगी रजेवर होती. आत्या मास्क लावून दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"हे धरायला कुणीतरी लागतंय."

त्या उठल्या, बेसिनवर हात धुतले, पदराला पुसले. मी त्यांची दोन बोटं चकतीच्या कडेवर ठेवली. "इथं. दाबायचं नाही, नुसतं धरायचं."

"व्हय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "कुणाचं हाय हे?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण त्यांचा हात माझ्या कपाळाजवळ होता, अंगातल्या कणकणीनं गरम झालेला.

"तुमचंच आहे, आत्या."

बोटं हलली नाहीत. "मग नीट बघ," त्या म्हणाल्या. "म्या हलत न्हाय."

खोकला आला की त्या बोटं काढून घ्यायच्या, तोंड फिरवून खोकायच्या आणि परत धरायच्या. प्रत्येक वेळी मी पुन्हा जुळवून घ्यायची. काचेवरच्या निळ्या रंगात मी इकडून तिकडं सरकत गेले. बराच वेळ काही दिसलं नाही आणि मला बरं वाटायला लागलं होतं. मग एका कोपऱ्यात लाल, बारीक, किंचित वाकलेल्या दोन काड्या दिसल्या. शेजारी अजून एक. मी डोळा तसाच लावून ठेवला, कारण वर बघितलं असतं तर त्यांना माझा चेहरा दिसला असता.

"हाय का?"

"आहे. टीबी आहे. पण गोळ्यांनी बरा होतो, पूर्ण बरा होतो."

"रडू नको मग," आत्या म्हणाल्या. "सोडू का हात?"

सरकारी दवाखान्याचा रिपोर्टही तोच आला. सोमवारी मेकॅनिकनं चकती उघडून नवी स्प्रिंग टाकली. आत्या सुरुवातीचे दोन महिने आमच्याकडंच राहिल्या. गोळ्यांनी मळमळायचं, लघवी लाल व्हायची, त्याचं त्यांना हसू यायचं. मी अंडी उकडून द्यायची, त्या नाक मुरडून खायच्या आणि मला रागवायच्या, की मी स्वतः नीट जेवत नाही. रात्री ह्यांच्यापेक्षा त्यांच्याशीच माझं जास्त बोलणं व्हायचं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकल्या.

पावसाळ्याच्या तोंडाशी औषध संपलं. वजन भरलं, त्या तेरला परत गेल्या. परवा बाजाराला आल्या तेव्हा सोबत त्यांच्या गल्लीतली एक बाई होती, तोंडाला पदर लावून खोकत. ती दारातच अवघडून उभी राहिली.

आत्यांनी तिला हाताला धरून आत आणलं. "लाजू नको," म्हणाल्या. "मला बी झाला व्हता. ही माझी सून, हिच्याकडं सांग समदं."