रक्त पातळ होईपर्यंत

जिथे हसायची सोय नसते, तिथेच किस्से जास्त साचतात. आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तर ते कपाटात मावेनात इतके झालेत. तोंडाला मास्क असतो, म्हणून कोण हसलं ते कळत नाही, एवढंच.

मी जळगावात हार्ट-लंग मशीन चालवतो. हृदय थांबवून ऑपरेशन चालू असतं, तेव्हा पेशंटचं रक्त माझ्या मशीनमधून फिरतं. आमच्या भाषेत याला ‘पंप’ म्हणतात. घरी कुणी विचारलं की बायको सरळ सांगते, “ते पंपावर आहेत.”

पिंप्राळ्यातले शेजारी मला गाडी थांबवून विचारतात, “भाऊ, पेट्रोल वाढणार का हो?”

मी हल्ली सांगून टाकतो, “उद्या तरी नाही.”

*

मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून आधी हेपरिनचं इंजेक्शन देऊन ते पातळ करावं लागतं. काम झालं की दुसरं इंजेक्शन देऊन पूर्ववत. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम हे नातेवाइकांना शांतपणे समजावतात. मॅडमना खोटं बोलता येत नाही. हा त्यांचा एकमेव दोष!

चोपड्याचे एक आबा मुलाच्या ऑपरेशनसाठी आले होते. सगळं ऐकून म्हणाले, “पातळ करतस म्हंजे पानी टाकतस का?”

“नाही आबा, इंजेक्शनने करतो.”

“पानी बिल्कूल नही?”

मॅडम घुटमळल्या. “मशीनच्या नळीत थोडं सलाइन असतं. ते मिसळतं.”

आबा मुलाकडे वळले. “बाई खरी शे. आमना दूधवाला तं कबूलच करत नही.”

आणि त्यांनी संमती दिली.

*

हेपरिन दिलं की मी थेंबभर रक्त तपासतो. ते गोठायला किती वेळ लागतो, त्याचा आकडा येतो. आकडा पुरेसा चढल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. केलं, तर मशीनमध्ये गुठळ्या आणि पेशंट गेला. इतकं सोपं आहे.

एकदा आकडा चढेचना. पेशंट तरुण शिक्षिका, बाहेर तिची लहान मुलगी. आमचे सर्जन सर नळी हातात धरून उभे.

“चालू करू?”

“नाही सर.”

मॅडमनी आणखी हेपरिन दिलं.

“आता?”

“नाही सर.”

सरांच्या कपाळावर घाम. काही पेशंटच्या रक्तात हेपरिनला साथ देणारा घटकच कमी असतो. तो प्लाझ्मातून मिळतो. मॅडमनी प्लाझ्मा मागवला, तो चढवला, वर हेपरिन.

“आता तरी?”

“थांबा सर.” तपासणीच्या यंत्रावरचा आकडा सावकाश सरकत होता. “हां. चालू!”

ऑपरेशन नीट झालं. हातमोजे काढताना सर मला म्हणाले, “इतक्या वेळा ‘नाही’ मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.”

मॅडम म्हणजे सरांच्या बायको. सिरिंज आवरता आवरता त्या म्हणाल्या, “मी म्हटलं होतं. तुमच्या लक्षात नसेल.”

*

हृदयात कृत्रिम झडप बसवली की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. पालेभाजी एकदम वाढवली की गोळीचा जोर कमी होतो.

अमळनेरच्या एका अक्कांचं रक्त अचानक घट्ट झालं. झडपेत गुठळी धरायची भीती! मॅडमनी विचारलं, “अक्का, पालेभाजी वाढवली का?”

“नही बाई. भाजी तेवढीच शे.”

“मग नवीन काय सुरू केलं?”

“काहीच नही.”

सून मागून म्हणाली, “रोज सकाळी पेलाभर पालकाचा रस पितात. मोबाइलवर पाहून.”

अक्का सुनेवर उखडल्या. “तो रस शे! भाजी कोठे शे?”

*

या गोळीवाल्यांची दर महिन्याला तपासणी होते. रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा अडीच ते साडेतीन हवा. कमी म्हणजे गुठळी, जास्त म्हणजे रक्तस्राव.

धान्याचे व्यापारी असलेले एक शेठजी आणि पिंप्राळ्यातले एक टेलर चाचा, दोघं बाकावर शेजारी बसून जिगरी दोस्त झाले. एकदा शेठजींचा आकडा आला दीड, चाचांचा साडेचार. सर दोघांवर भडकले.

शेठजी शांतपणे म्हणाले, “साहेब, दोघांचा मिळून सरासरी आकडा काढा ना. बरोबर तीन येतो.”

चाचा म्हणाले, “हम तो साथ में ही आते हैं, साहब.”

*

धुळ्याचे एक जैन नाना होते. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी मॅडमना विचारलं, “औषधं शाकाहारी आहेत ना?”

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. “नाही नाना. रक्त पातळ करायचं औषध डुकराच्या आतड्यातून काढतात. ते उतरवायचं औषध माशापासून आलेलं. आमच्याकडे दुसरा पर्याय नाही.”

नाना उठले आणि घरी गेले. मुलगा मॅडमवर चिडला, “सांगितलं कशाला?”

“त्यांनी विचारलं म्हणून.”

आठवडाभर आम्ही अस्वस्थ. मग नाना आले, धापा टाकत. दारातूनच म्हणाले, “करा. घरच्यांनी जगायला सांगितलंय.”

टेबलावर झोपल्यावर त्यांनी मॅडमना थांबवलं. “ते औषध दाखवा.”

मॅडमनी हेपरिनची बाटली समोर धरली. सलाइन लावलेला हात कसाबसा जोडून नाना त्या जिवाची क्षमा मागत म्हणाले, “मिच्छामि दुक्कडम्.”

“आणि माशाचं?”

मॅडमनी दुसरी बाटली धरली. नानांनी पुन्हा हात जोडले.

मग त्यांची नजर सरांवर गेली. “डॉक्टर, तुम्ही मासे खाता?”

सर हात धुऊन, वर धरून उभे होते. “खातो, नाना.”

“मग तुमचंही म्हणून टाकतो,” नाना म्हणाले, आणि त्यांनी तिसऱ्यांदा हात जोडले.