एजंटाच्या हाती चावी न देणारे इंगोले सर

प्रल्हादराव इंगोले सरांची नि माझी पहिली भेट भांडणातूनच झाली. अनसिंगला आमच्या घरचं इंटरनेट सारखं बंद पडायचं, म्हणून मी वाशीमला इंटरनेट कंपनीच्या कार्यालयात तणतणत गेले. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निघताना मलाच विचारलं, तक्रार विभागात नोकरी कराल का? मी गोंधळून हो म्हटलं. तो गोंधळ अजून मिटलेला नाही. आता सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात त्यांच्या कार्यावर लिहा, असा मंडळींचा आग्रह आहे. ते कार्य नेमकं काय, हे कृपया मला विचारू नये.

उमगलं तेवढं सांगते. कोणत्या गावाची लाइन कुठून कुठं जायची, हे राउटर नावाचा डबा ठरवतो. त्या डब्याला सूचना द्यायचं काम सरांचं. मध्यंतरी आमच्या मालकांनी जाहीर केलं, की उद्यापासून हे काम एआय एजंट करील. मी सकाळी त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली. आला तो संगणकातच! मालकांनी त्याला सगळ्या राउटरच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, देऊन टाकल्या. सर नको म्हणत होते.

एका दुपारी मालकांनी त्याला लिहिलं, ‘मंगरूळपीरचा राउटर जरा पाहून घेजो,’ आणि ते जेवायला गेले. त्यांना नुसती नजर टाकायला सांगायचं होतं. एजंटानं खरोखरच पाहून घेतलं. सूचना बदलल्या आणि अख्ख्या मंगरूळपीरचं इंटरनेट बंद. लोकांनी फोनवर माझा जो उद्धार केला, तो या ग्रंथात छापण्याजोगा नाही. सर मोटरसायकलनं तिकडे गेले, जुन्या सूचना परत घातल्या. परतल्यावर माझ्या हातातला फोन घेऊन एकेका ग्राहकाची स्वतः माफी मागत बसले. मी म्हटलं, सर, तुमची काय चूक? ते म्हणाले, आपल्या बोलीत पाहून घेणं म्हणजे निस्तरणंच, यंत्रानं तेच केलं. दार आपण उघडं ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी एजंटाला राउटरच्या सूचना फक्त वाचायची मुभा ठेवली. बदल करायचा तर त्यानं आधी लिहून दाखवायचा, माणसानं तो वाचायचा, आणि मगच हो म्हणायचं. मालक भडकले. परवानगी मागणारं यंत्र आपण कायले पोसायचं, हा त्यांचा सवाल. सरांनी आवाज न चढवता सांगितलं, मंग माझा राजीनामा घ्या. मालक आठवडाभर फुगून होते, पण नियम राहिला.

आता सर निवृत्त झाले आहेत. हो म्हणायचा अधिकार त्यांनी चक्क माझ्याकडे दिला. मी म्हटलं, “सर, मले यातलं काहीच समजत नाही.”

“म्हणूनच ताई. ज्याले समजते, तो न वाचता हो म्हणते. तुमी इचारसान.”

परवा एजंटानं अनसिंगच्या लाइनीत बदल सुचवला. मालक म्हणाले, किरकोळ आहे, ‘हो’चं बटण दाबा. मला त्यातली एक ओळ कळेना. सरांना फोन लावला, ओळ वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली.

“ताई, हे मलेबी नाही समजलं. नाही म्हणा.”

मालकांच्या देखत मी नाही म्हटलं.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांनी शंभरी पाहावी आणि तोवर माझे फोन उचलावेत. मला अजून पुष्कळ विचारायचं आहे.